स्टेरॉइडचं दुसरं घड्याळ



'कर्नलसाहेब आज पेशींवर बोलणार आहेत' असं निवेदिकाताईंनी जाहीर केलं तेव्हा समोरच्या दोन-तीन चेहऱ्यांवर जी शंका उमटली ती मला दिसली, आणि ती रास्त आहे. मी डॉक्टर नाही, संशोधक नाही. खडकवासल्याला एनडीएत कवायत आणि घोडेस्वारीच्या अधूनमधून पदरात पडलेली बी.एस्सी., एवढीच माझी विज्ञानाची कमाई. पुढची सगळी वर्षं पायदळात गेली. आता महूला राहतो. सकाळी फिरणं, दुपारी वाचन. त्या वाचनातला एकच विषय गेली दहा वर्षं माझी पाठ सोडत नाही. तो माझ्या मागे कसा लागला ते आधी सांगतो.

१९९० साल. मी मेजर होतो, कंपनी कमांडर. आमची चौकी सतरा हजार फुटांच्या वर, बर्फात. एका संध्याकाळी माझा एक जवान तंबूतून बाहेर आला आणि दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात चालू लागला. तिकडे दारूचा थेंब नव्हता. मी त्याला नाव विचारलं. तो म्हणाला, "साब, बस आ गयी क्या?" तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. उंचीवर मेंदूला सूज येते तेव्हा माणूस असाच बरळतो, आणि वेळेवर खाली नेला नाही तर बेशुद्ध होऊन जातो. यावरचं खरं औषध म्हणजे खाली उतरवणं. पण बाहेर अंधार, वारा, आणि वाटेत बर्फाखाली लपलेल्या भेगा. हेलिकॉप्टर पहाटेशिवाय येणार नव्हतं.

वायरलेस सेटवर खालच्या तळावरचे आमचे डॉक्टर, कॅप्टन होते, वयाने माझ्याहून लहान, त्यांनी हुकूम दिला : ऑक्सिजन लावा, आणि डेक्सामिथासोन आठ मिलिग्रॅम द्या. आमच्या नर्सिंग असिस्टंटने टॉर्चच्या उजेडात इंजेक्शन दिलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी घड्याळाकडे बघत बसलो. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. तासाभराने मी पुन्हा सेटवर गेलो आणि म्हणालो, "काही फरक नाही, आणखी एक देऊ का?" पलीकडून उत्तर आलं, "सर, घड्याळाकडे बघू नका. हे औषध स्टेरॉइड आहे. ते आपल्या वेळेने काम करतं. पुढचा डोस सहा तासांनी, चार मिलिग्रॅम."

ती रात्र मी विसरलेलो नाही. पहाटे चारच्या सुमारास त्या पोराने मला ओळखलं. उजाडताच हेलिकॉप्टर आलं. पोरगा वाचला.

पुढे काही महिन्यांनी तेच डॉक्टर मेसमध्ये भेटले. मी त्यांना विचारलं, हे औषध इतकं मंद का? त्यांनी फौजी भाषेत समजावलं. म्हणाले, सर, समजा तुम्हाला शंभर ब्लँकेट हवी आहेत. तुम्ही इंडेंट पाठवता. तो मुख्यालयात जातो, फाइल निघते, सही होते, डेपोत जातो, माल बांधला जातो, गाडी निघते. स्टेरॉइडचं तसंच. ते रक्तातून पेशीत शिरतं. आत एक रिसेप्टर त्याची वाट बघत असतो. त्याला धरून ते केंद्रकात, म्हणजे पेशीच्या मुख्यालयात जातं. तिथे ठरावीक जनुकांना हुकूम देतं : हे प्रथिन बनवा, ते बनवणं थांबवा. प्रथिन तयार होऊन कामाला लागेपर्यंत लवकरात लवकर अर्धा-पाऊण तास, आणि बहुतेक वेळा कित्येक तास जातात.

मला ते चोख पटलं. पाठ्यपुस्तकातही तेव्हा हेच होतं. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोकांना व्यायामशाळेतल्या पोरांचे फुगलेले दंड आठवतात, पण आपल्या शरीरातच ती रोज बनतात : कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन. सगळी एकाच कोलेस्टेरॉलपासून. आणि सगळी इंडेंटवाली. असं समजून मी चोवीस वर्षं काढली.

मग २०१४ साल आलं. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी हैदराबादहून माहेरी महूला आली. प्रसूती नीट झाली, नात झाली. घरात डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, पाहुण्यांची वर्दळ. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मुलगी गप्प होत गेली. बाळ रडलं तरी भिंतीकडे बघत बसायची. झोप नाही, जेवण नाही. विहीणबाई म्हणाल्या, होतं असं, चार दिवसांत ठीक होईल. आणि मी काय म्हणालो ते आज सगळ्यांसमोर सांगतो. मी म्हणालो, "अगं, पलटणीतल्या बायका एकट्याने बाळंतपणं काढतात. हिंमत धर."

तीन आठवड्यांनी एका रात्री ती आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, बाळाला माझ्यापासून लांब ठेवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. बाई शांत होत्या. त्यांनी निदान सांगितलं : प्रसूतीनंतरचं नैराश्य. गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर तिला एकटं सोडू नका. मी पुन्हा घड्याळाकडे बघत बसलो. बर्फातली एक रात्र होती, हे महिने होते. तिसऱ्या महिन्यात ती हळूहळू आमच्यात परत आली. निघताना मी डॉक्टरबाईंना विचारलं, हे होतं कशाने? त्या म्हणाल्या, कारणं अनेक असतात, पण एक धागा हार्मोनचा आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन खूप वाढतं, आणि त्यापासून मेंदूला शांत ठेवणारा एक पदार्थ बनतो. वार पडली की काही दिवसांत दोन्ही कड्यावरून खाली येतात.

मेंदूला शांत ठेवणारं स्टेरॉइड? माझ्या डोक्यातल्या इंडेंटच्या चित्रात हे बसेना. म्हणून मी वाचायला लागलो.

सुरुवात सापडली १९४१ सालात. कॅनडात माँट्रियलला हान्स सेल्ये नावाचे संशोधक होते. 'स्ट्रेस' हा शब्द आज आपल्या तोंडी आहे तो वैद्यकात रुजवणारे हेच. त्यांनी उंदरांना प्रोजेस्टेरॉन आणि इतर स्टेरॉइड मोठ्या मात्रेत टोचली. उंदीर काही मिनिटांत गाढ झोपले. भूल दिल्यासारखे. नंतर उठले आणि आपल्या उद्योगाला लागले. सेल्येंनी हेही पाहिलं, की एखाद्या स्टेरॉइडची हार्मोन म्हणून ताकद किती आणि झोपवण्याची ताकद किती, यांचा मेळ बसत नाही.

आता इंडेंटचा हिशोब लावून बघा. मुख्यालय, सही, डेपो, गाडी, हे सगळं काही मिनिटांत? शक्य नाही. म्हणजे त्या उंदरांच्या मेंदूत हुकूम मुख्यालयात गेलाच नव्हता. तो दारातल्या पहारेकऱ्याला थेट मिळाला होता. आमच्याकडे फायरची मागणी वायरलेसवर जाते तशी. तिथे फाइल निघत नाही.

गंमत म्हणजे भूलतज्ज्ञांनी हे पुढे वापरलंही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये अल्फाक्सालोन हे स्टेरॉइड माणसांना भूल देण्यासाठी आलं. शिरेत टोचलं की माणूस झोपला. १९८४ साली ते मागे घेतलं, कारण काहींना जोराची अ‍ॅलर्जी येत होती. दोष स्टेरॉइडचा नव्हता. ते विरघळवण्यासाठी एरंडेलापासून बनवलेला पदार्थ वापरत, त्याचा होता. पशुवैद्य नव्या द्रावणातलं अल्फाक्सालोन कुत्र्या-मांजरांना आजही देतात.

पण हा पहारेकरी कोण, ते १९८६ साली कळलं. मारिया मायेव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवलं, की प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात बनणारा एक पदार्थ, त्याचं नाव आता आपण अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन म्हणतो, चेतापेशीच्या पटलावरच्या 'गाबा-ए' रिसेप्टरवर काम करतो. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. चेतापेशीच्या पटलात बारीक दारं असतात. गाबा हे दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात, आणि पेशी शांत होते. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन त्या दाराला हात लावून ते जास्त वेळ उघडं धरतं. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या डायझेपामचंही हेच दार, फक्त हात लावायची जागा वेगळी. ना केंद्रक, ना जनुक, ना नवं प्रथिन. सगळं पटलावरच.

म्हणजे माझी मुलगी नऊ महिने हा पदार्थ भरभरून मिळत असलेल्या मेंदूने जगली, आणि मग आठवड्याभरात तो काढून घेतला गेला. मी तिला हिंमत धरायला सांगत होतो.

थांबा, इथे मी स्वतःलाच लगाम घालतो. हा पदार्थ प्रत्येक बाळंतिणीत घसरतो, पण आजारी प्रत्येक जण पडत नाही. मग फरक कुठे? याचं एक उत्तर मला २००० सालच्या एका प्रयोगात मिळालं आणि ते वाचून मी रात्रभर जागा होतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत सोळा स्त्रिया घेतल्या. आठ जणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य येऊन गेलं होतं, आठ जणींना नव्हतं. कुणीही गरोदर नव्हतं. औषधांनी सगळ्यांच्या शरीरात आठ आठवडे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढवून ठेवलं, आणि मग ते गुपचूप बंद केलं. हार्मोनची घसरण दोन्ही गटांत सारखीच. पूर्वी आजार झालेल्या आठांपैकी पाच जणींचं मन पुन्हा ढासळलं. दुसऱ्या गटात एकीचंही नाही. बाळ नव्हतं, जागरण नव्हतं, सासर-माहेर नव्हतं. फक्त घसरण होती, आणि ती सोसण्यात मेंदू-मेंदूत फरक होता. आता 'हिंमत' हा शब्द यात कुठे बसवायचा ते तुम्हीच सांगा.

बरं, मेंदूचं एक सोडा. हे पटलावरचं काम शरीरात इतरत्रही चालतं का? इथे वैज्ञानिकांचं भांडण जुनं आहे, आणि मला भांडण समजून घ्यायला आवडतं. १९६७ साली क्लारा झेगो यांनी दाखवलं, की इस्ट्रोजेन दिल्यावर उंदराच्या गर्भाशयात काही सेकंदांत रासायनिक हालचाल सुरू होते. १९७७ साली त्यांनी आणि रिचर्ड पिएट्रास यांनी गर्भाशयाच्या पेशींच्या बाहेरच्या पृष्ठभागावर इस्ट्रोजेन चिकटण्याच्या जागा दाखवल्या. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. केंद्रकातल्या रिसेप्टरचं चित्र इतकं देखणं होतं, की त्याच्या बाहेर बघायची कुणाला गरज वाटेना. फौजेतही असं होतं. नकाशा छान असला की लोक खिडकीतून बाहेर बघत नाहीत.

मात्र शंका घेणाऱ्यांचीही बाजू पक्की होती. ते म्हणत, स्टेरॉइड तेलकट असतं, पटलातून सहज आत शिरतं. मग ते बाहेरूनच काम करतंय हे कशावरून? यावर १९७८ साली पॅरिसला एत्येन बोलिय यांच्या प्रयोगशाळेत एक नामी युक्ती केली. आफ्रिकेतल्या एका बेडकाची अंडपेशी प्रोजेस्टेरॉन लागलं की पक्व होते. त्यांनी स्टेरॉइडचा कण एका भल्यामोठ्या रेणूला बांधून टाकला. इतका मोठा, की पेशीत शिरणं अशक्य. कैद्याच्या पायात लोखंडी गोळा बांधावा तसं. अंडपेशी तरीही पक्व झाली. त्याआधी इतरांनी पाहिलंच होतं, की प्रोजेस्टेरॉन सुईने पेशीच्या आत सोडलं तर काही होत नाही, आणि बाहेरून लावलं तर काम होतं. तरी वाद मिटला नाही. बांधलेल्या स्टेरॉइडचे काही कण सुटून आत जात नाहीत ना, हा प्रश्न पुढेही निघाला, आणि १९९९ साली काही इस्ट्रोजेनच्या बाबतीत ते खरोखर सुटत असल्याचं दाखवलं गेलं. कैदी पळतात! त्यामुळे त्या पद्धतीने मिळालेले बरेच निष्कर्ष पुन्हा तपासायची पाळी आली.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला पुरावा मात्र वेगळाच आहे. इथे मंडळींमध्ये आज्या आहेत, नाती आहेत, तरी सांगतो. शुक्राणू. या पेशीत जनुकं इतकी घट्ट बांधून ठेवलेली असतात, की तिथे इंडेंट स्वीकारणारं कार्यालयच बंद असतं. नवा हुकूम निघू शकत नाही. आणि तरी स्त्रीबीजाभोवतालच्या पेशींतून प्रोजेस्टेरॉन येतं तेव्हा माणसाच्या शुक्राणूत क्षणार्धात कॅल्शियम शिरतं आणि त्याची शेपटी जोराने हलू लागते. २०११ साली अमेरिकेतल्या एका आणि जर्मनीतल्या एका गटाने एकाच अंकात दाखवलं, की शेपटीतलं कॅटस्पर नावाचं दार यामुळे उघडतं. २०१६ साली पटलावरचा तो रिसेप्टरही सापडला, ज्याला प्रोजेस्टेरॉन चिकटतं. म्हणजे आपण सगळे इथे बसलो आहोत ते काही अंशी या दुसऱ्या घड्याळाच्या कृपेने.

कॉर्टिसॉलच्या कुळातही हे आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सरड्यासारखा दिसणारा एक पाणप्राणी असतो, न्यूट. नर मादीला घट्ट मिठी मारून तासन् तास बसतो. पण धोका आला की त्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं आणि काही मिनिटांत मिठीची ओढच विझते. माइल्स ऑर्चिनिक आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली त्याच्या चेतापेशींच्या पटलावर या हार्मोनची जागा दाखवली. शिकारी समोर असताना इंडेंट भरून चालत नाही, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक आहे. आपल्या मेंदूतही कॉर्टिसॉल वाढलं की पुढचं कॉर्टिसॉल रोखणारा ब्रेक मिनिटांत लागतो, आणि दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड श्वासनलिकेतल्या रक्तवाहिन्या अर्ध्या तासात आकसवतं. सूज उतरवण्याचं त्याचं मोठं काम मात्र जुन्याच घड्याळाने चालतं, म्हणून तो पंप रोज घ्यावा लागतो.

वनस्पतींचं ऐकून तर मी थक्क झालो. त्यांचीही स्टेरॉइड असतात, आणि त्यांचा मुख्य रिसेप्टर पेशीच्या पटलावरच बसलेला असतो. म्हणजे आपण ज्याला अपवाद म्हणत होतो तो माझ्या बागेतल्या तुळशीचा रोजचा नियम.

ते डॉक्टर कॅप्टन आता ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाले आहेत. मी त्यांना फोन करून सेल्येंच्या उंदरांची गोष्ट सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "सर, त्या रात्रीपुरतं मी खरं सांगितलं होतं. दुसऱ्या घड्याळाच्या भरवशावर तुम्ही दर दहा मिनिटांनी सुई टोचली असती." बरोबर आहे. मेंदूची सूज उतरायला तासच लागतात. वेगवान रस्ता आहे म्हणून प्रत्येक औषध त्या रस्त्याने जात नाही.

पण एक औषध गेलं. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत ब्रेक्सानोलोनला परवानगी मिळाली, प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी. ते औषध म्हणजे दुसरं काही नाही, तेच अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन, शिरेतून द्यायच्या रूपात. साठ तास रुग्णालयात ठेवून थेंब-थेंब द्यायचं. नेहमीच्या गोळ्यांना जिथे आठवडे लागतात तिथे याचा फरक त्या साठ तासांतच दिसला. मात्र औषध चालू असताना एखादी बाई अचानक बेशुद्ध होऊ शकत असे, म्हणून सतत पहारा ठेवावा लागत असे. सेल्येंचे उंदीर आठवा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच जातीची, चौदा दिवस संध्याकाळी घ्यायची गोळी मंजूर झाली, झुरानोलोन. तीही घेतल्यावर बारा तास गाडी चालवायची नाही.

माझ्या मुलीच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. तिला जुन्या गोळ्यांनीच बरं केलं, आणि त्या डॉक्टरबाईंचे आमच्यावर उपकार आहेत.

२०१८ साली तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. ती पुन्हा महूला आली. एकदा होऊन गेलेलं पुन्हा होऊ शकतं हे या वेळी घरात सगळ्यांना ठाऊक होतं, विहीणबाईंनाही. डॉक्टरबाईंना सातव्या महिन्यातच भेटून आलो. पाहुण्यांना मी फाटकावरूनच परत पाठवलं, त्याबद्दल नातेवाईक अजून माझ्यावर नाराज आहेत. रात्री बाळाची पाळी आम्ही लावून घेतली : दहा ते दोन मी, दोन ते सहा तिची आई, फक्त दूध पाजायला तिला उठवायचं. आयुष्यभर पहारे लावले, त्यातला हा सगळ्यात नीट लावलेला.

बाळंतिणीचं मन तपासायला दहा प्रश्नांची एक साधी यादी असते, १९८७ साली एडिंबरोत तयार झालेली. डॉक्टरबाईंनी ती दिली होती. सहाव्या आठवड्यात मुलीने ती भरली आणि चहाच्या टेबलावर माझ्यापुढे सरकवली. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करावीशी वाटते का, असा आहे. मी चश्मा शोधत होतो. ती म्हणाली, "बाबा, दहावा आधी बघा." तिने 'कधीच नाही' वर खूण केली होती.

तो कागद माझ्याकडे आहे. बर्फातल्या त्या वर्षाच्या डायरीत ठेवलाय.

आता प्रश्न घेऊया. सोपे विचारा.